कमल रणदिवे, त्यांचे उंदीर आणि माझ्या मामाचा रिपोर्ट

८ नोव्हेंबर २०२१, सोमवार. दिवाळीला जळगावला घरी आलो होतो आणि तिथूनच ऑफिसचं काम सुरू होतं. सकाळी लॅपटॉप उघडला, पण कामासाठी नाही. दोन दिवस आधी भाऊबीजेला मामा धुळ्याहून आईकडे आला होता. ताटातलं अर्धं जेवण तसंच ठेवून उठला आणि प्लास्टिकच्या पिशवीतून एक रिपोर्ट काढून माझ्या हातात दिला. जठराचा कॅन्सर. गाठी यकृतापर्यंत गेलेल्या, म्हणून ऑपरेशन नाही. शेवटच्या पानावर एक ओळ होती: हर-टू, वन प्लस, निगेटिव्ह. घरात इंजिनीअर मी एकटाच. कम्प्युटरवाल्याला सगळं कळतं असा आमच्याकडे समज आहे, म्हणून या ओळीचा अर्थ लावायचं काम माझ्याकडे आलं.

गूगल उघडलं तर लोगोच्या जागी चित्र होतं. सूक्ष्मदर्शकाजवळ एक बाई. नाव डॉ. कमल रणदिवे, आज त्यांचा १०४ वा जन्मदिवस. मी चित्राकडे धड पाहिलंही नाही. सर्च बॉक्समध्ये हर-टू टाकलं, पुढे जठराचा कॅन्सर टाकलं आणि एक आकडा शोधून काढला: साधारण ११ महिने. संध्याकाळी मामाने विचारलं तेव्हा तोच आकडा सांगितला. मी खरं तेच सांगतोय असं मला वाटत होतं.

त्या एका आकड्यावर मामाने डिसेंबरात तीन एकर काळी जमीन विकली. घाईत विकली, म्हणून भावही पडूनच मिळाला. डोक्यावरचं कर्ज फेडायचं होतं, मुलीचं लग्न उरकायचं होतं, आणि हातात ११ महिने होते.

मी तो आकडा चुकीचा वाचला होता. नेमकी चूक काय झाली हे मला पुढे हॉस्पिटलच्या बाकावर बसून कळलं. त्या दिवशी ज्या बाईंच्या चित्राकडे मी दुर्लक्ष केलं, त्यांच्याबद्दल वाचताना कळलं. म्हणून ही त्यांची गोष्ट.

पुण्याची कमल समर्थ

कमल यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा, पुण्यातला. माहेरचं आडनाव समर्थ. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मुलांइतकंच मुलींनीही शिकलं पाहिजे असं त्यांचं ठाम मत. कमल हुजूरपागेत शिकल्या, मग फर्ग्युसनला गेल्या. मुलीने डॉक्टर व्हावं अशी वडिलांची इच्छा होती. पण कमल यांनी वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र निवडलं. आजही बारावीनंतर मेडिकल सोडून बीएस्सी करते म्हटलं की घरात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. हे तर १९३० च्या दशकातलं.

१९३९ मध्ये त्यांचं जे. टी. रणदिवे यांच्याशी लग्न झालं. ते गणिताचे. त्यांनी बायकोच्या शिक्षणात आडकाठी आणली नाही, उलट मदत केली. १९४३ मध्ये कमल यांनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एमएस्सी पूर्ण केलं. विषय होता सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं. म्हणजे आईबापाकडून पुढच्या पिढीत काय जातं आणि ते पेशीच्या आत कुठे दिसतं, याचा अभ्यास. हा प्रश्न त्यांना आयुष्यभर सुटला नाही. फक्त झाडांच्या जागी आधी उंदीर आले आणि मग माणसं.

परळची प्रयोगशाळा

लग्नानंतर त्या मुंबईला आल्या. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं होतं. तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. खानोलकरांना भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणतात. पॅथॉलॉजी म्हणजे काय, हे ज्याच्या घरात कॅन्सर आला त्याला सांगावं लागत नाही. आजाराच्या जागेचा तुकडा काढायचा, मेणात बसवायचा, केसाहून कितीतरी पातळ काप करायचे, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगायचं की हे काय आहे. तुमच्या हातात जो बायॉप्सी रिपोर्ट येतो तो याच टेबलावर तयार होतो.

कमल रणदिवे या खात्यात काम करू लागल्या आणि काम करता करताच खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली पीएचडीही केली. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना पदवी दिली. त्यांचा मुख्य विषय स्तनाचा कॅन्सर. एका बाईला होतो, शेजारणीला होत नाही, असं का? हा प्रश्न माणसांवर प्रयोग करून सोडवता येत नाही. म्हणून उंदीर.

काचेत वाढणाऱ्या पेशी

उंदरांकडे वळण्याआधी एक छोटा प्रवास सांगायला हवा. पीएचडीनंतर खानोलकरांनी त्यांना अमेरिकेत जाऊन शिकून यायला सांगितलं. त्या बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. गाय यांचं वेड एकच होतं: माणसाच्या पेशी शरीराबाहेर, काचेच्या नळीत जिवंत ठेवायच्या आणि वाढवायच्या. याला टिश्यू कल्चर म्हणतात. ऐकायला सोपं, करायला महाकठीण. पेशींना खायला कोंबडीच्या रक्तातला द्रव, नाळेचं रक्त अशा गोष्टींचं मिश्रण लागायचं. तापमान जरा हललं की पेशी मेल्या. एक जंतू आत गेला की महिन्याची मेहनत वाया. नळ्या एका जागी ठेवून चालत नसे, म्हणून गाय यांनी त्या संथपणे फिरवत ठेवणारं यंत्र बनवलं होतं.

याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स नावाच्या कृष्णवर्णीय बाईच्या गाठीतल्या पेशी न थांबता वाढू लागल्या. त्यांना हेला पेशी म्हणतात आणि त्या आजही जगभर वापरात आहेत. लॅक्स यांची परवानगी कोणी घेतली नव्हती, हेही याच गोष्टीत सांगायला हवं. आज आपल्या नमुन्यावर संशोधन करायचं असेल तर सही घेतात, ती पद्धत अशाच अनुभवांतून आली.

कमल रणदिवे हे तंत्र शिकून परत आल्या. १९५२ मध्ये परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभं राहिलं होतं आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक होते. तिथे रणदिवेंनी टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभारली. देशातली पहिली म्हणून तिचं नाव घेतलं जातं. १९५० च्या दशकातली मुंबई डोळ्यापुढे आणा. निर्जंतुक खोली हवी, स्थिर वीज हवी, परदेशी काचसामान हवं आणि ते सगळं सांभाळणारी शिकवलेली माणसं हवीत. आम्ही नवीन सर्व्हर पाच मिनिटांत क्लाऊडवर उभा करतो आणि एक एरर आली की वैतागतो. त्यांना आधी तो सर्व्हर बनवणारा कारखानाच उभा करायचा होता.

एकसारखे उंदीर

आता उंदीर. प्रयोगशाळेतले उंदीर रस्त्यावरून पकडून आणलेले नसतात. सख्ख्या भावाबहिणींची जोडी लावायची, त्यांच्या पिल्लांची पुन्हा तशीच जोडी लावायची, असं किमान २० पिढ्या करत गेलं की सगळे उंदीर जनुकांच्या बाबतीत जवळजवळ एकसारखे होतात. एकाच फाइलच्या कॉपी म्हणा ना. मग काही जाती अशा मिळतात की ज्यांतल्या बहुतेक माद्यांना स्तनाचा कॅन्सर होतो. काही जातींत तो क्वचितच होतो.

इथे कोणीही म्हणेल की जनुकं वेगळी, म्हणून आजार वेगळा, संपला विषय. पण १९३६ मध्ये जॉन बिटनर या अमेरिकी शास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला होता. कॅन्सरवाल्या जातीची पिल्लं जन्मताच उचलून त्याने दुसऱ्या जातीच्या मादीचं दूध पाजलं. त्या पिल्लांमध्ये कॅन्सरचं प्रमाण बरंच घटलं. म्हणजे आईच्या दुधातून काहीतरी जात होतं. ते काहीतरी म्हणजे एक विषाणू होता.

कमल रणदिवेंनी हाच धागा पुढे नेला. त्यांनी वेगवेगळ्या जातींचे उंदीर पाळले, काहींना कॅन्सर जास्त, काहींना कमी. कोणत्या जातीत गाठ कधी येते, शरीरातल्या हार्मोन्सचा त्यात वाटा किती, विषाणूचा किती, वंशाचा किती, हे त्या वर्षानुवर्षं टिपत राहिल्या. त्यांच्या कामाचं सार असं की या तिन्ही गोष्टी एकत्र बघितल्याशिवाय कोणाला आजार होईल हे सांगता येत नाही. स्तनाचा कॅन्सर आणि आनुवंशिकता यांचा संबंध दाखवणाऱ्या सुरुवातीच्या शास्त्रज्ञांमध्ये त्यांचं नाव घेतात, ते या कामामुळे.

हे वाचत असताना माझी ट्यूब पेटली. पिंजरा एक, धान्य एक, जनुकं एक, दुधातला विषाणूही एक. तरीसुद्धा सगळ्या बहिणींना गाठ एकाच दिवशी येत नाही. एकीला लवकर येते, एकीला उशिरा, आणि एखादी गाठ न येताच म्हातारी होऊन मरते. या जातीत बहुतेकींना होतो हे छातीठोक सांगता येतं. तिसऱ्या पिंजऱ्यातल्या डावीकडच्या मादीला कधी होईल, हे नाही सांगता येत.

एकसारख्या उंदरांचं हे असं, तर माझ्या मामाचं काय? मी जो ११ महिन्यांचा आकडा वाचला तो शेकडो माणसांना रांगेत उभं करून मधल्या माणसाकडे बोट दाखवून काढलेला होता. अर्धी माणसं त्याच्या अलीकडे, अर्धी पलीकडे. काही खूप पलीकडे. मी ते रांगेतलं मधलं माणूस उचललं आणि मामाला म्हणालो, हा तू.

रिपोर्टमधली ती ओळ

आता हर-टूकडे येऊ. हे एक प्रोटीन आहे. पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर ते अँटेनासारखं बसतं आणि वाढ, वाढ असा सिग्नल आत पाठवतं. निरोगी पेशीवर असे थोडे अँटेना असतात. काही कॅन्सरच्या पेशींवर ते प्रचंड संख्येने उगवतात, मग पेशी थांबायचं नावच घेत नाही. याच्याशी नातं असलेलं जनुक १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आधी उंदीरवर्गातल्याच प्राण्यात, घुशीसारख्या दिसणाऱ्या प्रयोगशाळेतल्या रॅटमध्ये सापडलं. १९८७ मध्ये अमेरिकेत डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी १८९ बायकांच्या स्तनाच्या गाठी तपासल्या. ज्या गाठींमध्ये या जनुकाच्या जादा प्रती होत्या, त्या बायकांचा आजार लवकर उलटत होता.

शरीरातली अशी मोजता येणारी खूण, जी आजाराबद्दल काही सांगते, तिला बायोमार्कर म्हणतात. आणि इथे दोन वेगळे प्रश्न आहेत, जे मी एकच समजून बसलो होतो.

पहिला प्रश्न: काहीही केलं तरी हा आजार कसा वागेल? दुसरा प्रश्न: हे ठरावीक औषध याला लागू पडेल का?

मामाला हे मी नंतर शेतीच्या भाषेत सांगितलं तेव्हा त्याला माझ्याआधी समजलं. जमीन हलकी आहे की भारी, यावरून कपाशी साधारण किती येईल याचा अंदाज बांधता येतो. हा पहिला प्रश्न. मातीपरीक्षणात जस्त कमी निघालं तर जस्त टाकल्याने फायदा होईल, हे कळतं. हा दुसरा प्रश्न. पहिल्या उत्तराने माणूस कपाळावर हात मारून बसतो. दुसऱ्या उत्तराने तो दुकानात जाऊन पिशवी आणतो.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये हर-टू आधी पहिल्या प्रकारचं उत्तर म्हणून सापडलं, म्हणजे वाईट बातमी म्हणून. मग त्या अँटेनालाच जाऊन चिकटणारं औषध आलं, ट्रॅस्टुझुमॅब. १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला स्तनाच्या कॅन्सरसाठी परवानगी मिळाली आणि वाईट बातमीच उपयोगाची झाली. जठराच्या कॅन्सरमध्ये हर-टू आजार कसा वागेल हे सांगतं की नाही, यावर अभ्यासांचं एकमत नाही. पण औषध लागू पडेल का, हे ते सांगतं. ५९४ रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीचे निकाल २०१० मध्ये आले. सगळे हर-टू पॉझिटिव्ह, सगळ्यांचा आजार पसरलेला. नुसती केमो घेतलेल्यांच्या रांगेतला मधला आकडा ११.१ महिने, औषध जोडलेल्यांचा १३.८. प्रोटीन ज्यांच्यात ठळक जास्त होतं त्यांच्यात हाच फरक ११.८ विरुद्ध १६. म्हणजे आपण जो आकडा वाचतोय तो कोणत्या गटाचा, हे न बघता वाचला तर तो फसवतो.

आता यातला मला सगळ्यात आवडलेला भाग. हे औषध एक अँटिबॉडी आहे. तिचं मूळ रूप उंदराच्या शरीरातून मिळालं, मग ते माणसाला चालेल असं बदललं. आणि आजही ते मोठमोठ्या टाक्यांमध्ये, हॅमस्टर नावाच्या प्राण्याच्या अंडाशयातल्या पेशी वाढवून तयार करतात. म्हणजे टिश्यू कल्चर. सलाइनच्या बाटलीतून मामाच्या हातात थेंब थेंब जाणारं औषध त्याच विद्येतून आलं होतं, जी कमल रणदिवेंनी बाल्टिमोरहून शिकून परळला आणली. हे औषध त्यांनी शोधलं नाही. पण अशा पेशी हाताळणारी माणसं आपल्या देशात तयार व्हायला सुरुवात झाली ती अशा प्रयोगशाळांतून.

दुसरी बायॉप्सी

जानेवारी २०२२ मध्ये आम्ही मामाला घेऊन चाळीसगावहून मुंबईची गाडी पकडली. तिथल्या डॉक्टरांनी जुना रिपोर्ट वाचला आणि पहिला प्रश्न विचारला: किती तुकडे घेतले होते? रिपोर्टमध्ये लिहिलेलं होतं, दोन. मी ती ओळ वाचलीच नव्हती.

हर-टूची चाचणी अशी असते. गाठीच्या पातळ कापावर हर-टूला चिकटणारी अँटिबॉडी टाकतात आणि ती जिथे चिकटेल तिथे तपकिरी रंग उमटवतात. मग पॅथॉलॉजिस्ट बघून गुण देतो. शून्य किंवा वन प्लस म्हणजे निगेटिव्ह. थ्री प्लस म्हणजे पॉझिटिव्ह. टू प्लस म्हणजे नक्की सांगता येत नाही, मग जनुकाच्या प्रती मोजणारी फिश नावाची दुसरी चाचणी करतात. जठरात एक जास्तीची अडचण असते. गाठीच्या एका भागात प्रोटीन भरपूर आणि बोटभर अंतरावर काहीच नाही, असं होतं. एकाच शेतात एका कोपऱ्यात चोपण आणि दुसऱ्यात काळी कसदार जमीन असावी तसं. म्हणून गाठीच्या वेगवेगळ्या जागांमधून निदान पाच-सहा तुकडे घ्यावेत असं सांगतात. दोन तुकड्यांचा रिपोर्ट खोटा नव्हता. त्या दोन तुकड्यांपुरता तो खराच होता.

पुन्हा दुर्बिणीची तपासणी झाली. या वेळी आठ तुकडे. रिपोर्ट आला: थ्री प्लस. निकालाची वाट बघत बाहेरच्या बाकावर बसलो होतो त्या दिवसांत मी मोबाईलवर ते जुनं गूगलचं चित्र शोधलं आणि कमल रणदिवेंबद्दल पहिल्यांदा नीट वाचलं.

औषध सुरू झालं. हृदयावर परिणाम होऊ शकतो म्हणून मधून मधून टू-डी इको व्हायचा. भारतात बनणाऱ्या याच औषधाच्या बायोसिमिलर आवृत्त्या मूळ औषधापेक्षा स्वस्त आहेत, म्हणून आम्हाला ते झेपलं, तेही ओढाताण करून.

पिंजऱ्याबाहेर

कमल रणदिवे स्तनाच्या कॅन्सरपाशी थांबल्या नाहीत. त्यांच्या गटाने रक्ताच्या आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरवरही काम केलं. १९५८ मध्ये त्यांच्या केंद्रात कुष्ठरोग्यांच्या शरीरातून काही जंतू वेगळे करून प्रयोगशाळेत वाढवले गेले. कुष्ठरोगाचा जंतू काचेत वाढत नाही ही जगभरची डोकेदुखी, त्यामुळे हे काम मोलाचं ठरलं. पुढे त्याच जंतूंपासून त्याच संस्थेत कुष्ठरोगाची लस तयार झाली आणि दक्षिण भारतात तिची मोठी चाचणीही झाली. १९६४ मध्ये त्यांना सूक्ष्मजीवशास्त्रासाठी वाटुमल पुरस्कार मिळाला. १९६६ मध्ये टाटा हॉस्पिटल आणि संशोधन केंद्र एका छत्राखाली आले आणि त्या वर्षापासून १९७० पर्यंत त्यांनी संशोधन संस्थेच्या प्रभारी संचालक म्हणून काम पाहिलं. १९८२ मध्ये पद्मभूषण.

१९७३ मध्ये त्यांनी इतर काही स्त्री शास्त्रज्ञांना सोबत घेऊन इंडियन वुमन सायंटिस्ट्स असोसिएशन स्थापन केली. शिकलेली मुलगी लग्नानंतर, मूल झाल्यावर प्रयोगशाळेतून गायब होते, हे त्या रोज बघत होत्या. त्या स्वतः संसार आणि एक मुलगा सांभाळून काम करत होत्या, त्यामुळे अडचण काय असते हे त्यांना सांगायला कोणी लागत नव्हतं. ही संस्था आज शिष्यवृत्त्या देते, पाळणाघर चालवते.

निवृत्तीनंतर त्या गावांकडे वळल्या. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचा त्यांनी अभ्यास केला. खेड्यातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवलं, खाण्यापिण्याबद्दल, आजारपणाबद्दल सांगितलं. मला हा भाग वेगळा वाटत नाही. उंदरांच्या नोंदवहीत त्यांना दिसलं होतं की वंश एकटा काही ठरवत नाही, पोटात काय जातं आणि भोवती काय आहे हेही ठरवतं. मुलांच्या बाबतीत वंश बदलता येत नाही, ताट बदलता येतं. २००१ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांच्यानंतरचं जग

२०१४ मध्ये एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पात जठराच्या २९५ गाठींची जनुकं आणि प्रोटीन तपासली गेली आणि लक्षात आलं की जठराचा कॅन्सर हा एक आजार नाही, चार आहेत. त्यातल्या साधारण ९ टक्के गाठींमध्ये एपस्टाइन-बार नावाचा विषाणू सापडला. उंदरांच्या विषाणूच्या मागे लागलेल्या रणदिवेंना हे वाचून नवल वाटलं नसतं.

आज जठराच्या कॅन्सरच्या रिपोर्टमध्ये हर-टूसोबत आणखी प्रोटीनची नावं दिसतात. पीडी-एल-वन हे प्रोटीन कॅन्सरच्या पेशीला शरीराच्या पहारेकऱ्यांपासून लपायला मदत करतं. ते जास्त असेल तर इम्युनोथेरपीचा विचार होतो. एमएलएच-वन, एमएसएच-टू वगैरे चार प्रोटीन पेशीतल्या स्पेलिंगच्या चुका दुरुस्त करतात. इथे ती गायब असणं ही खूण असते, आणि अशा रुग्णांना इम्युनोथेरपी चांगली लागू पडू शकते. क्लॉडिन नावाच्या प्रोटीनवरच्या औषधाला २०२४ मध्ये अमेरिकेत आणि जपानमध्ये परवानगी मिळाली. मी हे लिहीपर्यंत यादी अजून लांबली असेल.

तुमच्या घरी असा रिपोर्ट आला तर माझ्यासारखं करू नका. डॉक्टरांना चार गोष्टी विचारा. तुकडे किती घेतले होते? ही खूण आजार कसा वागेल हे सांगते, की औषध लागू पडेल का हे सांगते? तुम्ही सांगताय तो आकडा कोणत्या रुग्णांच्या गटाचा आहे? आणि बायॉप्सीचा मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड कुठे आहेत? दुसरीकडे मत घ्यायचं असेल तर त्या लागतात, त्या मागून घेता येतात आणि जपून ठेवायच्या असतात. रिपोर्टचा व्हॉट्सअ‍ॅपवर अर्धवट फोटो पाठवू नका, सगळी पानं पाठवा. माझी चूक शेवटच्या पानाच्या आधीच्या एका ओळीत होती.

मामाने त्यानंतर दोन पावसाळे पाहिले, आखाजी तर तीन. मुलीचं लग्न झालं, श्रावणात कानबाईही बसवली. दुसऱ्याची जमीन बटाईने घेऊन त्याने एक हंगाम कपाशी लावली, अंगात ताकद होती तेव्हा. विकलेलं शेत रस्त्याला लागूनच होतं. गाडीतून जाताना तो तिकडे बघायचा, मला काही बोलायचा नाही. २०२४ च्या आखाजीला आईकडे जेवून गेला, आंब्याचा रस मागून घेतला. त्याच पावसाळ्यात तो गेला.

११ महिने मी सांगितले होते. तो अडीच वर्षांहून जास्त जगला. शेत काही परत आलं नाही.